फुटका डोळा

"आजोबा, पट्टी काढा. लोकांना डोळा बघू द्या," तरुण पाद्री म्हणाला, तशी बरसाबानं निमूटपणे पट्टी सोडली. महिन्यात फोडायचं हे तिसरं देऊळ. दर वेळी त्याला सगळ्यांत पुढे उभं करायचे. त्याची रिकामी खोबण बघितली की जमावाला चेव यायचा.

देवळाच्या पायरीवर म्हातारा पुजारी एकटाच बसला होता, मांडीवर विझलेला दिवा घेऊन. तेवढ्यात शिपाई आले आणि ते जमावाला अडवतील म्हणून बरसाबाला हायसं वाटलं. पण आता रोमचा सम्राटच ख्रिस्ती झाला होता. शिपायांच्या नायकानं पाद्र्याला अदबीनं नमस्कार केला आणि शिपाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या पाठी बरसाबानं ओळखल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच शहरात जमावानं ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर फोडलं, तेव्हाही शिपाई असेच पाठमोरे उभे होते. ख्रिस्ताचं नाव सोडत नाही म्हणून त्याचा डोळा सरकारनं दुसऱ्या दिवशी काढला.

"पहिला दगड तुमचा," म्हणत पाद्र्यानं त्याच्या हातात दगड ठेवला.

दगड घेऊन बरसाबा एकेक पायरी चढला आणि पुजाऱ्याच्या शेजारी टेकला.

"आजोबा, बाजूला व्हा."

"बसू दे रे जरा. दमलोय मी."

पुजाऱ्यानं सरकून जागा करून दिली. समोर हात उगारलेलेच होते. या बाजूनं ते बरसाबानं पूर्वीही पाहिले होते, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी.