नेल्सनची बटणं

डेल्मिराने बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळत सगळीकडे पसरली. दोनचार खाली पडली, ती एर्सिलियाने वाकून उचलली.

"सगळी नेल्सनची आहेत. माझ्या मुलाची," डेल्मिरा म्हणाली. "ही शाळेच्या पांढऱ्या डगल्याची. ही हाडाची, त्याच्या आजोबांच्या कोटावरची. तो कोट मीच उसवून त्याच्या मापाचा केला होता. यांची माळ करून दे मला."

पायसांदू गावात जुन्या बटणांचे दागिने करणारी एर्सिलिया एकटीच. लोक तिच्याकडे हौसेने येत, कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या वाढदिवसासाठी. ही बाई काळा स्वेटर घालून आली होती आणि तिचे डोळे कोरडे होते.

"कधी झालं हे?" एर्सिलियाने हळूच विचारलं.

"मार्चमध्ये. मोंटेव्हिडिओला होता कामाला."

"आजारी होता का?"

"लहानपणापासूनच होतं म्हणे. आणि आईला पत्ता नाही, बोल! कळल्यावर डॉक्टर केले, पाद्रीबाबा केले. कुणाचं काही चाललं नाही."

एर्सिलियाने कपात चहा ओतून तिच्यापुढे सरकवला. "एखादा फोटो आहे का? मधोमध बसवते."

"सगळे उतरवले. बघवत नाहीत." डेल्मिराने कपाला हातही लावला नाही. "आणि कडी घालू नकोस माळेला. एकदा गळ्यात घातली की मला काढायची नाहीये."

एर्सिलियाने हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली. बटणं साबणाच्या पाण्यात धुतली, जुन्या लेसच्या दोऱ्याला मेण लावलं. एरवी टवका उडालेलं बटण ती वेगळं काढायची. या वेळी एकही काढलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. तरी झबल्याची इवली शिंपल्याची बटणं ओवताना तिला मध्येच थांबावं लागलं. झालेली माळ तिने खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवली.

शनिवारी दुपारी ती दुकान बंद करणार, तेवढ्यात एक उंच मुलगी आत आली. पिवळा ब्लाउज, खांद्याला प्रवासाची बॅग.

"डोन्या एर्सिलिया, आईसाठी काहीतरी द्या ना. आत्ताच बसमधून उतरलेय. खूप दिवसांनी घरी चाललेय. ती रागावलीय माझ्यावर."

"आयांचा राग कुठे टिकतो!" एर्सिलिया हसली.

"हिचा टिकतो. फोन उचलत नाही. म्हटलं, सरळ दारात जाऊन उभं राहावं. तिला बटणांचं भारी वेड, एकही फेकून देत नाही कधी. हातात असलं काही दिसलं, तर तोंडावर दार तरी लावणार नाही."

"मग हे घे. शिंगाच्या बटणांचे आहेत." एर्सिलियाने कानातल्यांचा जोड पुढे केला.

मुलीने तो घेतला नाही. ती खिडकीकडे बघत होती. "ती माळ?"

"ती विकायची नाही गं. एका आईची आहे. मुलगा गेला बिचारीचा. त्याच्याच कपड्यांची बटणं आहेत ती. येईलच आता न्यायला."

मुलगी माळेपाशी गेली. तिने एक हाडाचं बटण बोटांत धरलं, मग त्याच्या शेजारचं. बॅग खांद्यावरून घसरून खाली पडली, तिला कळलंही नाही.

"तिने स्वतः सांगितलं? तो मेला म्हणून?"

"अगं, पोटच्या पोराबद्दल असं खोटं बोलेल का कुणी? डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलंय तिच्या." एर्सिलियाने तिच्याकडे नीट पाहिलं. "नेल्सन नाव होतं त्याचं. तू ओळखायचीस का त्याला?"

"हो," मुलगी म्हणाली. "नेल्सन मीच होते."