राखीव पॅराशूटचे पेढे

मुख्य पॅराशूट हवेत पिळलं, तेव्हा रणदिवे सरांनी ते सोडून दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच राखीव ओढलं. ते उघडलं. आता उड्यांच्या मैदानावरच्या रिवाजाप्रमाणे राखीवची घडी घालणाऱ्याला पेढे द्यायचे होते.

घडी कस्तुरीची होती. इवल्याशा, वेगवान पॅराशूटखाली ती जमिनीलगत गरकन वळायची, म्हणून सरांनीच तिच्या उड्या बंद केल्या होत्या.

“सरळ उघडलं?” तिने पेढा उचलत विचारलं.

“अगदी सरळ. वाचवलंस, बाई.”

“मग उद्यापासून उडू ना?”

“मोठं पॅराशूट घेशील?”

“त्या तंबूखाली? मी?”

“मग नाही.”

“जिवावरचं टळलं, तरी तेच तुमचं!” तिने पेढ्यांचा खोका धाडकन मिटला.

मग सरांचं राखीव पुढ्यात ओढलं आणि नेहमीच्याच सावकाशीने एकेक दोरी सरळ करू लागली.