बोंबलाचा वास

पालिकेच्या आरोग्य खात्याला नाकच नाही. असलंच तर ते पाकिटाचा वास घेण्यापुरतं चालतं. समुद्रकाठच्या चौक गावातल्या नव्या बिल्डिंगीत राहणाऱ्या कौस्तुभने तक्रारीत हे असंच्या असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

भिंतीपलीकडे मंदा कोळिणीचं अंगण. उन्हाळाभर तिथे बोंबील सुकत होते. कौस्तुभची बायको मिनल पोटुशी, वासाने दिवसभर मळमळायची. तो मंदाशी भांडायला गेला, तर तिने विचारलं, गाव आधी का तुमची बिल्डिंग आधी? मग त्याने खिडक्याच बंद केल्या. फटींना चिकटपट्टी, काचांना वर्तमानपत्रं.

थोडे दिवस बरे गेले. जून संपता संपता पुन्हा वास सुरू झाला, पहिल्यापेक्षा उग्र. मिनलचं म्हणणं, हा बोंबलाचा वाटत नाही, कोबी कुजल्यासारखा येतोय, जरा खिडकी उघडूया.

"तुला हल्ली उदबत्तीनेही उलटी होते," कौस्तुभ म्हणाला. "खिडकी उघडली की मंदाबाई जिंकली."

त्याने पट्टीचा आणखी एक थर चढवला.

शेवटी तक्रार लागू पडली. आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. कौस्तुभने त्याला घरात न नेता थेट मंदाच्या अंगणात नेलं. मालासकट पकडून द्यायचं होतं.

बांबूचे मांडव रिकामे होते. एक शेपूटही लटकत नव्हतं.

"लपवला माल. हिला कुणीतरी खबर दिली," कौस्तुभ म्हणाला.

मंदा ओट्यावर जाळं शिवत होती. तिने मानही वर केली नाही. "खबर कशाला पायजे? मासेमारीला बंदी हाय. बोटी वर काढल्या. महिना झाला, अंगणात बोंबील न्हाय. शोध, घरात शिरून शोध."

निरीक्षकाने दोनदा जोरात श्वास ओढला. "इथे तर काहीच नाही, साहेब. तुम्हाला वास येतो कुठे?"

"घरात."

"घरात कुठे?"

"किचनमध्ये. सिलिंडरपाशी जास्त," कौस्तुभ म्हणाला आणि थांबला.

हातातला फोन वाजला. मिनल होती.

"त्यांना घरी आणतोयस ना? चहा टाकतेय. माचिस हातातच आहे. किती कप करू? अरे, बोल ना."