बरं झाल्याची खूण

धनश्रीचं बोट पुन्हा तिसऱ्या चेहऱ्यावर थांबलं. कार्डावर पाच चेहरे होते, पहिला रडका, शेवटचा हसरा. मधल्याचं तोंड म्हणजे नुसती सरळ रेघ. झोप लागते का? तिसरा. जेवण जातं का? तिसरा. रडू येतं का? बोट उचललंच गेलं नाही, फक्त नखाखाली कार्डाला बारीक खळगा पडला.

रोहिणी नगरहून आली होती. पोटातच मूल दगावलेल्या बायांची पुढे काळजी कशी घ्यावी, याचा अभ्यास चालला होता. ती आधीही येऊन गेली होती आणि धनश्रीची उत्तरं तेव्हाही हीच होती. संगणकात ती 'स्थिर' म्हणून चढत. स्थिर म्हणजे ठीकच की, असं वरचे म्हणायचे. रोहिणीच्या मनाला ते पटत नव्हतं.

तिनं कार्ड उलटं ठेवलं. "ताई, हे राहू द्या. तुम्हाला बरं वाटायला लागलंय, हे आम्ही कशावरून ओळखायचं? तुम्ही सांगाल ते मोजू."

उत्तर चुलीपुढून सासूनं, लंकाबाईनं दिलं. "त्यात काय मोजायचं, मॅडम? सरपन आनती, कापूस येचती, दोन भाकरी खाती. आजून काय पायजे? पुन्यांदा पोट राहिलं की झालं. तेवढं ल्ह्या."

"त्यांना बोलू द्या ना, मावशी."

"बोलंल तवा बोलंल. मुकादम पोळ्यापासून इचारतोय, ऊसतोडीला येती का म्हनून. व्हय म्हनंना, न्हाई म्हनंना. आता जोडीबिगर एकट्यानं कोयता कसा धरायचा माझ्या पोरानं?"

तो पोरगा, अजिनाथ, दारात कोपीचे, ऊसतोडीवर राहायच्या झोपडीचे, बांबू दोरीनं आवळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आता आडचन न्हाई, आये. यंदा म्या कारखानाच बदलला. मुकादमाला सकाळीच सांगून आलो. त्या जुन्या कारखान्याकडं तिला न्यायचंच न्हाई."

धनश्रीनं कार्डावरून नजर उचलली. हे तिला आत्ताच कळत होतं.

"कुनाला इचारून बदलला?"

"तुझ्यासाठीच की. तिथं गेलं की समदं डोळ्यापुढं येनार. दुसरीकडं इसरशील."

"काय इसरू?" ती म्हणाली. "म्या लेकीला बघितली कुठं?"

दोरी आवळणारा हात थांबला. अशा लेकराला मातीत ठेवायला आईनं जायचं नसतं, पुरुष जातात. मागच्या हंगामात कारखान्याजवळच्या दवाखान्यातून अजिनाथ एक गाठोडं घेऊन गेला होता आणि रिकाम्या हातानं परत आला होता. तेव्हा धनश्री खाटेवर होती. तोंड दाखवू नका, जीव गुततो, असं लंकाबाईनंच बजावलं होतं. जागा कुठली, हे त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही.

"धने," लंकाबाई म्हणाली, "परक्या मानसापुढं काय लावलंस?"

"त्यांनीच इचारलं, आत्याबाई. तुमी कवा इचारलं?"

रोहिणीनं मांडीवरचा पेन बाजूला ठेवला.

"बांधाच्या कडंला हुती जागा," अजिनाथ हळूच म्हणाला. "पर आता तिथंबी ऊस लावला आसंल, धने. काय दाखवू तुला?"

"उसाचं काय भ्या घालता? ऊस तोडायलाच जायचं हाय ना आपल्याला?"

धनश्री पदर सावरून उठली, दारापाशी गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मुकादमाला सांगा, मी येती. पर जुन्याच कारखान्याला. आदुगर मला तिची जागा दाखवायची, मंग कोयता."