लाजरी येते तेव्हा

"आली," वॉकीटॉकीवर कॅमेरामन कुजबुजला; त्याला सगळे दाढीच म्हणत. "नाक वर काढलंय. हलू नका कोणी."

तळ्याच्या अलीकडच्या काठावर, खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरात, बाळाची आई होती तिथेच थांबली. पलीकडच्या काठावर, झुडपांच्या आडोशात, दाढी कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. थोड्या वेळानं पुन्हा कुजबुज आली. "गेली बुडी मारून. पण आज मन भरलं, ताई."

मगरींवर डॉक्टरेट मिळवलेली बाई, पण इथे सगळे तिला बाळाची आईच म्हणत. लाजरी हे त्या मगरीचं नाव. आखूड तोंडाची, जगातून जवळजवळ पुसली गेलेली जात. या तळ्यात एक तरी उरली आहे असं चित्रीकरणातून दाखवता आलं, तरच तळं वाचणार होतं. नाहीतर ते बुजवून टाकायचं ठरलं होतं. या मोहिमेचे प्रमुख असलेल्या सरांनी अख्खा हंगाम इथे काढला होता, पण हाती लागले ते चिखलातले ठसे. आणि बाळाची आई राहायला आली, त्याच आठवड्यात लाजरीनं डोकं वर काढलं.

"पायगुण म्हणतात तो हाच," सर म्हणाले होते. "बाळाचा हं. आईचा नाही."

कडेवर तान्हं मूल असलेल्या बाईला तळ्याकाठच्या कामावर कोण घेतं? सरांनी घेतलं. "बाळ आणा, बाळाची आजीही आणा. रडलं तर रडलं. मगरी काही तक्रार करायला येत नाहीत."

ते आठवलं की तिला अजूनही भरून येई. सासूबाई तर आपलं घरदार सोडून आल्या होत्या. आणि ही त्यांना व्हरांड्याच्या कठड्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांशी कठड्याला दार होतं, दाराला कडी आणि कडीला वरून दोरी बांधलेली.

"नवरा तुझा लहानपणी विहिरीच्या काठावर खेळायचा," सासूबाई म्हणत. "आणि आम्ही दोघं इथे पिंजऱ्यात."

"घाबरता कशाला?" सर हसत. "नाव लाजरी आहे तिचं. माणसाची चाहूल लागली की तळ गाठते."

"मग या बाजूला का येते सारखी?" बाळाची आई विचारी.

"घरटं असणार इथेच. पिल्लं बाहेर यायच्या बेतात असली की अंड्यातूनच ओरडायला लागतात. ते ऐकून आई येते."

"आणि जी त्यांची आई नाही, ती मगर?"

"तीही येते. तिला आयतं जेवण."

घरटं मात्र सापडत नव्हतं. घराखालची सगळी वाळू काठीनं टोचून झाली, गवत उपसून झालं. "असेल हो," सर म्हणत. "उगीच का येईल?"

मग एके दिवशी दुपारी जेवतानाच फोन आला. चित्रीकरण पुरावा म्हणून मान्य झालं होतं. तळं राहणार होतं. दाढीनं सरांना मिठी मारली, सरांनी चष्मा पुसला. बाळाच्या आईला सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले, लाजरीचेसुद्धा. ती सासूबाईंजवळ जाऊन बसली.

"आई, तुम्ही नसता तर यातलं काही झालं नसतं."

"मग बक्षीस दे मला. त्या पायऱ्यांवर बसू दे घटकाभर, पाण्यात पाय सोडून. बाळालाही पाणी दिसेल."

ती घुटमळली. मग उठून तिनं स्वतःच दोरी सोडली. "बसा. पण वरच्या पायरीवर."

"वरच्या पायरीवर पाणी काय माझ्यासाठी चढून येणार आहे?"

तिला हसू आलं. "बरं, बसा खाली. बाळाला घट्ट धरा मात्र."

सर आणि दाढी सामान आणायला पलीकडच्या काठावर गेले. ती आतल्या खोलीत हेडफोन लावून बसली. दाढीच्या चित्रांना आवाज नसे. आवाज टिपायचा माइक घराखाली, पाण्यालगत टांगलेला होता, आणि दोन्ही नंतर जुळवायचं काम तिचं. तिनं पहिला तुकडा लावला.

बाळाचं रडणं. ती ओशाळली. इतकं सुंदर दृश्य, आणि आमच्या कार्ट्यानं त्याची पार वाट लावली. दुसरा तुकडा. तिथेही रडणंच. तिसऱ्यातही.

तिनं तिसरा तुकडा मागे नेला. पाणी शांत, आवाज शांत. बाळानं पहिला हुंदका दिला. तळ्याच्या मध्यावर नाक वर आलं, घराकडे वळलं, आणि रडणं वाढलं तसं सरळ रेषेत येऊ लागलं. मग माइकमध्ये तिचाच आवाज आला, "आले रे राजा, आले." बाळ गप्प झालं. लाजरीनं बुडी मारली.

तिनं सगळे तुकडे एकापाठोपाठ एक लावून पाहिले. दर वेळी बुडी घराच्या आणखी थोडी जवळ होती. शेवटच्या तुकड्यात खालची पायरी चित्रात आली होती.

कानात बाळ रडत होतं. तिनं तुकडा थांबवला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

रडणं थांबलं नाही.