वीतभर मिरच्या

पान वाटीसारखं वर वळलेलं होतं. शाल्मलीने ते भिंगाखाली धरलं. हा फुलकिड्यांमुळे मिरचीला होणारा बोकड्या रोग होता.

या बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात वाढणाऱ्या वीतभर मिरच्यांना तो होणं शक्यच नव्हतं. इथली हवासुद्धा गाळून आत येत होती. नऊ वर्षं खपून तिने तयार केलेलं हे ठेंगणं वाण अशा चार खोल्या सोडल्या तर जगात कुठेच नव्हतं.

तिने एकेक रोप तपासलं. शेवटी मांडणीच्या मागे हाताला दोरा लागला. दोऱ्यात लिंबू आणि सात मिरच्या होत्या, मंडईतल्या, ताज्या. एकीचा देठ उपटताच पिवळे फुलकिडे वळवळत बाहेर आले.

खोली पुसायला आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "गेल्या महिन्यातले ते पाहुणे कसे टक लावून बघत होते, मॅडम. तेव्हापासून दर शनिवारी नवी बांधते. लेकरांना दृष्ट लागायला नको."

दोरा पिशवीत कोंडत शाल्मली म्हणाली, "ही खोली गेली. निदान बाकीच्या तीन तरी वाचल्या."

द्वारकाबाई समजूत घालत म्हणाल्या, "तिथंही बांधलीय की. एका लेकराला बांधून बाकीच्यांना उघड्यावर कसं टाकायचं?"