शेवटचे अकरा दिवस

निनादचं मासिक श्राद्ध कालच झालं होतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मानसीने शरयूताईंच्या देवघरासमोर लॅपटॉप उघडला. पडद्यावर शून्यं आणि इंग्रजी अक्षरं जपमाळेसारखी लांबच लांब लागली होती.

“काकू, हे स्मार्ट काँट्रॅक्ट, म्हणजे नोंदवहीसारखा एक प्रोग्राम, त्याने तुमच्यासाठीच लिहिला होता. यात एकदा नोंद केली, की ती त्यालाही पुसता येत नाही.”

लेक निनाद बंगळूरला निघाला, तेव्हा शरयूताईंनी त्याच्याकडून रोज सांजवात लावायचा शब्द घेतला होता. रोज फोनवर तो म्हणे, “लावली गं, आई.” त्या म्हणत, “खोटारडा! देवाला तरी फसवू नकोस.”

“मग न पुसणारा पुरावाच ठेवतो!” असं म्हणून तो हसायचा.

मानसीने ती माळ उलगडली, तशी एकेक ओळ वाचता येऊ लागली. तारीख, वेळ, लावली. तारीख, वेळ, लावली. तीन वर्षं, एकही खाडा नाही. शरयूताईंचे हात आपोआप जुळले.

मग मानसी वाचता वाचता थांबली. शेवटच्या अकरा ओळींत त्याने ‘नाही’ लिहिलं होतं.

ते अकराही दिवस तो फोनवर “लावली गं, आई” म्हणत राहिला होता. आवाज ओढल्यासारखा येतो म्हणून त्या रागावल्याही होत्या, “आळस भरलाय नुसता अंगात!”

“तेव्हा तो दवाखान्यात होता, काकू. तुम्हाला कळवू नका म्हणाला.”

शरयूताईंनी कापसाचा डबा पुढे ओढला आणि अकरा वाती वळायला घेतल्या.